मोपा ते सोलापूर किती लांब?

या महिन्यात आलेली पत्रं चाळताना लक्षात आलं, की निम्म्याहून अधिक वाचकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे: विमानाचं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ यांचा मेळ का बसत नाही? हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर तीस वर्षं मी लोडशीट केली. प्रवासी किती, बॅगा किती किलोच्या, पुढच्या होल्डमध्ये काय, मागच्यात काय, इंधन किती, हे सगळं जुळवून कागद कॅप्टनच्या हातात द्यायचा. त्यांची सही झाली, की एक प्रत घेऊन मी जिना उतरायची आणि घड्याळ बघायची. आता पेडण्याला माहेरच्या घरी राहते. मोपाच्या सड्यावर गोव्याचा दुसरा, नवा विमानतळ आहे. तिथून उठलेलं विमान आमच्या अंगणातून दिसतं आणि नजर आजही मनगटाकडे जाते.

प्रश्न : मी आठवीत शिकतो. दोन विमानतळांमधलं अंतर नकाशावरून स्वतः काढता येतं का? मी पट्टी लावून मोजतो, पण उत्तर दर वेळी वेगळं येतं.
— एक विद्यार्थी, साखळी

बाळा, चूक तुझी नाही. शाळेच्या नकाशात आपला गोवा करंगळीच्या नखाएवढा असतो. पट्टी जराशी सरकली, की उत्तर पाच-दहा किलोमीटरने बदलतं. पट्टी बाजूला ठेव आणि अक्षांश-रेखांश घे.

अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, की एक भाग म्हणजे एक मिनिट. हे मिनिट घड्याळातलं नव्हे, पृथ्वीच्या गोलावरचं. त्याची जमिनीवरची लांबी म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जहाजवाले आणि विमानवाले दोघंही हाच मैल वापरतात, कारण नकाशावर नुसती वजाबाकी केली तरी अंतर हातात येतं.

दाबोळी आहे १५ अंश २३ मिनिटांवर आणि मोपा १५ अंश ४४ मिनिटांवर. दोघांचे रेखांश जवळजवळ सारखे, म्हणजे एक दुसऱ्याच्या थेट उत्तरेला. ४४ मधून २३ गेले, उरले २१. झालं तुझं उत्तर : २१ सागरी मैल, म्हणजे ३९ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर साठच्या वर जातं, कारण मध्ये जुवारी आहे, मांडवी आहे, कोलवाळची नदी आहे.

पुण्याचा लोहगाव विमानतळसुद्धा मोपाच्या जवळजवळ डोक्यावर आहे, १८ अंश ३५ मिनिटांवर. फरक २ अंश ५१ मिनिटांचा, म्हणजे १७१ मैल, ३१७ किलोमीटर. हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा मला किती आनंद झाला होता! तोवर पुणे माझ्या मनात घाट ओलांडून कुठे तरी उजवीकडे होतं. ते असं नाकासमोर उत्तरेला आहे, हे मला आकड्यांनी दाखवलं.

गाव तिरकं असेल तर एक पायरी वाढते. सोलापूर विमानतळ १७ अंश ३८ मिनिटं उत्तर आणि ७५ अंश ५६ मिनिटं पूर्व. मोपा ७३ अंश ५२ मिनिटं पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ११४ मिनिटं, म्हणजे ११४ मैल. पूर्व-पश्चिम फरक १२४ मिनिटं, पण इथे सांभाळ. उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे रेखांशाचं मिनिट आपल्या भागात पुरतं मैलभर भरत नाही, ०.९६ भरतं. १२४ ला ०.९६ ने गुणलं की ११९. आता काटकोन त्रिकोण काढ : एक बाजू ११४, दुसरी ११९. कर्ण येतो १६५ च्या जरा आत, म्हणजे ३०५ किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे यात चूक राहते, पण एवढ्या अंतरात ती नगण्य असते.

जळगाव तू काढ. विमानतळ २० अंश ५८ मिनिटं उत्तर, ७५ अंश ३८ मिनिटं पूर्व. ते जास्त उत्तरेला आहे म्हणून गुणायला ०.९५ घे. ६१० किलोमीटरच्या आसपास उत्तर आलं, तर सरांना वही दाखव.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सोलापूरला दिली आहे. मोपाहून सोलापूरला विमान सुरू झाल्याचं कळलं तेव्हा फार बरं वाटलं. तिकिटावर प्रवासाची वेळ एक तास दहा मिनिटं दिली आहे. जावई म्हणतात, अंतर ३०५ किलोमीटर आणि विमान ताशी पाचशेने जातं, म्हणजे सदतीस मिनिटंच लागायला हवीत. मग उरलेला अर्धा तास कुठे जातो? आणि गणेश चवथीला मुलीने विमानाने यावं की गाडीने?
— एक शिक्षिका, डिचोली

बाई, जावयांचा भागाकार बरोबर आहे. फक्त पाचशेचा वेग विमान मधल्या एका तुकड्यातच धरतं, आणि तो तुकडा या मार्गावर फार लहान आहे.

तिकिटावरची वेळ सुरू होते ती चाकाखालचे ठोकळे काढल्यावर आणि संपते ती पलीकडे ठोकळे पुन्हा लागल्यावर. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. ठोकळे तुम्ही खिडकीतून पाहिले असतील : पिवळ्या रंगाचे, तिकोनी, दोरीने जोडीजोडीने बांधलेले. लोडर वाकून दोरी ओढतो, दोन्ही ठोकळे एकदम बाहेर येतात, आणि तो ते कॅप्टनला दिसतील असे उंच धरतो. पावसात दोरी फुगून जड होते आणि हाताला कापते. माझ्या वेळचा एक लोडर ती दोरी रोज संध्याकाळी पिळून खिळ्याला टांगून जायचा, म्हणजे सकाळी पहिल्या विमानाला खोळंबा नको. त्या पहिल्या विमानाचे ठोकळे वेळेवर निघाले, की दिवसभराची गाडी रुळावर राहायची.

ठोकळे काढल्यावर विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जातं. त्याची सात-आठ मिनिटं धरा. मोपाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमानाने वाऱ्याच्या तोंडावर उठायचं असतं. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून उड्डाण समुद्राच्या दिशेने. सोलापूर राहिलं ईशान्येला आणि पहिली दोन-तीन मिनिटं विमान पश्चिमेला जातं. मग वळसा घेऊन ते घाटाकडे तोंड करतं.

या मार्गावर एटीआर ७२ चालतं, पंखेवालं विमान, सत्तरएक आसनांचं. चढताना त्याचा वेग पाचशे नसतो. पाच किलोमीटर उंची गाठायला त्याला साधारण चौदा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते पंचाऐंशी किलोमीटर पुढे गेलेलं असतं. उतरायला पंधराएक मिनिटं आणि एकशे दहा किलोमीटर. म्हणजे सरळ, सपाट, पाचशेच्या वेगाचं अंतर उरलं एकशे दहा. ते तेरा मिनिटांत सरतं. नकाशावर रेघ मारून बघा : आंबोली आणि तिळारी यांच्या मधून घाट ओलांडायचा, निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यावरून जायचं, अथणीजवळ कृष्णा मागे टाकायची, आणि जतच्या आसपास येईतो उतरणं सुरूही झालेलं असतं.

चौदा, तेरा, पंधरा मिळून बेचाळीस. उठतानाचा वळसा आणि उतरण्याआधी धावपट्टीच्या रेषेत येणं, याची सहा मिनिटं. जमिनीवर चालण्याची इकडची आठ, तिकडची चार. तास भरला. वरची पाच-दहा मिनिटं विमान कंपनी हाताशी ठेवते, आणि ती ठेवलीच पाहिजेत. तेच विमान सोलापूरहून फिरून परत यायचं असतं, मग आणखी कुठे जायचं असतं. सकाळी गेलेली दहा मिनिटं संध्याकाळपर्यंत तासभर होतात, हे मी तीस वर्षं रोज पाहिलं.

पंख्याच्या विमानाऐवजी जेट असतं तर? एवढ्या अंतरात फार तर दहा मिनिटं वाचली असती. जेट उंच चढतं, आणि चढून होईतो उतरायची वेळ येते. शिवाय सोलापूरसारख्या लहान धावपट्टीवर एटीआरच शोभतं. त्या विमानतळाने खूप वाट पाहिली आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उतरण्याच्या वाटेत येत होती. ती २०२३ च्या जूनमध्ये पाडली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान तिथे उतरलं. चिमणी पाडली तेव्हा कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांना काय वाटलं असेल, तेही माझ्या मनात येतं. पण तुमच्यासारख्या किती आयांना त्या दिवसापासून लेक जवळ आली!

आता गाडी की विमान. यासाठी दारापासून दारापर्यंत मोजा. डिचोलीहून मोपाला तास धरा. काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, तेव्हा तुम्ही दीड तास आधी पोचणार. विमानाचा एक तास दहा मिनिटं. सोलापूरला सामान हातात यायला वीस मिनिटं, आणि विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे घरी जायला अर्धा तास पुरे. सगळं मिळून साडेचार तास. गाडीने चोर्ला घाट, बेळगाव, विजापूर असं सुमारे चारशे किलोमीटर, जेवणाचा थांबा धरून नऊ-दहा तास. तिच्याबरोबर लहान मूल असेल तर विमानच. मी माझ्या मुलीलाही हेच सांगितलं असतं.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. चवथ पावसात येते. मोपाच्या सड्यावर ढग जमिनीपर्यंत उतरतात तेव्हा विमान वरच घिरट्या घालतं, नाही तर दुसरीकडे वळतं. म्हणून तिने चवथीच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढू नये, दोन दिवस आधीचं काढावं. गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला लेक घरात हवी ना? आणि सामान घरीच काट्यावर मोजा. येताना सोलापुरी चादरी आणि शेंगाचटणी, जाताना तुमचे नारळ, सोलां आणि खाजें. लहान विमानात वीस किलो इकडे-तिकडे झाले, की लोडशीट करणाऱ्याला कागद पुन्हा मांडावा लागतो. बॅगा कोण भरतं ते मी चांगली जाणून आहे : आई. सांगून ठेवते, आईनेच एक नारळ कमी घालावा.

प्रश्न : जायला आणि यायला लागणारी वेळ तिकिटावर वेगळी का असते? अंतर तर तेच.
— एक वाचक, फोंडा

वाऱ्यामुळे. विमान हवेतून जातं आणि ती हवा स्वतःही चाललेली असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचा वारा वाहतो, त्यामुळे पूर्वेकडे जाणारं जेट लवकर पोचतं आणि परतीचं रखडतं. सोलापूरसारख्या जवळच्या, कमी उंचीवरच्या प्रवासात हा फरक दोन-चार मिनिटांचा. तिथे तफावत जास्त दिसली, तर समजा की ती कुठल्या तरी विमानतळावरच्या गर्दीची आहे.

प्रश्न : माझे वडील सांगत, की पोर्तुगीज काळात दाबोळीहून दमणला विमान जाई आणि ते समुद्रावरून वळसा घेऊन जाई. दमण तर सरळ उत्तरेला. मग वळसा कशाला?
— एक ज्येष्ठ वाचक, वास्को

वडिलांनी सांगितलं ते खरं. १९५५ मध्ये पोर्तुगिजांनी 'तायप' नावाची विमानसेवा सुरू केली. भारताने तेव्हा गोव्याची नाकेबंदी केली होती. रेल्वे बंद, हद्दीवर पहारा, आणि भारताच्या भूमीवरून उडायची मुभा नाही. म्हणून गोवा, दमण, दीव आणि पुढे कराची अशी विमानं समुद्रावरून जायची. दमण सरळ रेषेत ५७० किलोमीटर, पण ती रेषा पूर्ण कोकणावरून आणि मुंबईजवळून जाते. ती त्यांना मिळणार नव्हती.

माझी आजी सांगायची, की त्या वर्षांत पेडण्याहून सावंतवाडीला जायलाही पास लागायचा. सावंतवाडीला तिची बहीण दिली होती. चालत जाण्याएवढं ते गाव, पण चार वर्षं दोघींची भेट झाली नाही. आजी नकाशा वाचणारी नव्हती, तरी "वाडी तेव्हा दूर गेली होती" असं ती अगदी सहज म्हणायची.

१८ डिसेंबर १९६१ च्या दिवशी भारतीय हवाई दलाने दाबोळीची धावपट्टी फोडली. त्या रात्री धावपट्टीच्या शाबूत उरलेल्या भागावरून दोन मोठी विमानं अंधारात उडाली आणि कराचीला गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे दाबोळी नौदलाकडे आली, 'हंसा' तळ तिथे आला, आणि नागरी विमानं त्यांच्या वेळा सांभाळून ये-जा करू लागली. माझ्या नोकरीत कितीदा तरी प्रवासी भरलेलं विमान नौदलाच्या सरावासाठी थांबलेलं असायचं, आणि खिडकीतून सी हॅरियर लढाऊ विमान उठताना दिसलं की चिडलेली माणसंही पाच मिनिटं गप्प होऊन बघत राहायची.

प्रश्न : मोपा उत्तरेला असल्यामुळे मुंबईचं विमान तिथून लवकर पोचतं का? आईचं डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत आहे. मोपाचं तिकीट थोडं स्वस्त मिळतंय.
— एक वाचक, मडगाव

दाबोळी ते मुंबई ४२४ किलोमीटर, मोपा ते मुंबई ३८७. फरक सदतीस किलोमीटरचा, जेटला तीन मिनिटांचा. एवढी तीन मिनिटं मुंबई कधीच परत देत नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची, आणि गर्दीच्या वेळी उतरायला दहा-पंधरा मिनिटं वरच थांबावं लागतं.

तुमचा फरक जमिनीवर आहे. मडगावहून दाबोळी तीस किलोमीटरच्या आत, मोपा सत्तरच्या आसपास. नवा जुवारी पूल झाल्यापासून वाट सुधारली हे खरं, तरी टॅक्सीचं भाडं धरलं तर स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही. वयस्क आई बरोबर असताना दाबोळीच घ्या. परतीला तर नक्कीच. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सत्तर किलोमीटरची धूळ आणि समोरून येणारे दिवे नकोत.

तिकीट कुठलंही काढा, पण एक गोष्ट मी हात जोडून सांगते. मोपाहून विमानं २०२३ च्या ५ जानेवारीला सुरू झाली. त्याच फेब्रुवारीत वास्कोला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला पुण्याहून फोन आला, की सासरे गेले. त्याने ओळखीच्या एजंटाकडून दुपारचं तिकीट घेतलं. कागदावर मोठ्या अक्षरांत 'गोवा' आणि पुढे बारीक अक्षरांत तीन अक्षरी कोड. दाबोळी त्याच्या घरापासून सात मिनिटांवर. आयुष्यभर विमान म्हणजे दाबोळी. दोघं नवरा-बायको वेळेच्या आधी तिथे पोचली, आणि दारावरच्या जवानाने तिकीट बघून सांगितलं, हे विमान मोपाहून आहे. उड्डाणाला पन्नास मिनिटं होती. मध्ये साठ किलोमीटर.

वहिनीने मला तिथूनच फोन केला. मी लोडशीटवाली, सगळ्या वेळा माझ्या तोंडपाठ, आणि मला तिला एवढंच सांगता आलं, की काउंटर बंद झालाय. ती रात्रीच्या बसने गेली. सकाळी पोचली तेव्हा तिच्या वडिलांना नेऊन झालं होतं.

दाबोळीचा कोड जीओआय. मोपाचा जीओएक्स. शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून वाचा, आईला बरोबर घेऊन निघायच्या आदल्या दिवशी एकदा, आणि परतीच्या तिकिटावर पुन्हा एकदा. जातानाचा विमानतळ एक आणि येतानाचा दुसरा, असंही होतं. गाडी कुठे ठेवायची आणि न्यायला कोणी कुठे यायचं, हे ते अक्षर बघून मगच ठरवा.